आमचा हळदीचा अंदाज

आमच्या ऑफिसात फाइली कमी आणि किस्से जास्त. जागा पुरत नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

हळद विकत घेणारी आमची छोटी कंपनी वसमतला. गजानन शेतांवरून उत्पन्नाचे आकडे आणतो, मी ते कॉम्प्युटरवरच्या मॉडेलमध्ये भरते, साहेब अंदाज वाचतात. ज्या गावाचा अंदाज कमी, त्याला पुढच्या हंगामाचं बेणं स्वस्तात. मॉडेलच्या काही अटी असतात. त्या मोडल्या की अंदाज चुकतो. हे मी भिंतीला सांगितलं असतं तर भिंत सुधारली असती!

*

शेतं चिठ्ठ्या टाकून निवडायची, ही पहिली अट. गजाननने सगळी कालव्यालगतच्या रस्त्यावरची निवडली. भरपूर पाण्याची! अख्ख्या तालुक्याचा अंदाज फुगला.

"काहून रे?"

"मॅडम, जीप तिथंच थांबते!"

*

"एकाच शेताचे आकडे पुन्हा पुन्हा नकोत," म्हटलं. आखाडा बाळापूरहून सगळे सारखेच आले. एवढे लोक एकच सांगतात म्हटल्यावर मॉडेलची तर खात्रीच पटली! चौकशी केली, तर सगळे सख्खे भाऊ, शेत एकच.

"पण मॅडम, चुली वेगळ्या झाल्यात की!"

*

खत वाढलं की उत्पन्न वाढतं, अशी रेष मी साहेबांना दाखवली. त्यांनी पट्टी लावून ती कागदाबाहेर टेबलावर नेली.

"म्हणजे दहापट खत टाकलं की..."

"हळद जळेल, साहेब!"

"पण रेष तर वरच जाऊन राहिली ना?"

*

मग आमच्या भागातल्या गोरेगावच्या एका बाईंचा फोन आला. "मॅडम, चिठ्ठीत आमचं शेत निघालं. मग कुणी आलं काहून न्हाई?"

गजाननला विचारलं. "तिथली हळद सडली. मोजू काय? शेजारचं मोजलं."

मी डोक्याला हात लावला. अशी किती शेतं त्यानं सोडली असतील! गाव कागदावर सुखात, म्हणजे स्वस्त बेणं बंद.

मी स्वतः गेले. बाईंनी वाफा उकरला, काळा पडलेला कंद माझ्या हातात ठेवला. मी टॅबवर शून्य टाकलं. त्यांनी वाकून बघितलं. "बराबर."

ऑफिसात साहेब म्हणाले, "हे शून्य काढा, मॅडम. सरासरी बिघडते."

मी बाईंना फोन लावून साहेबांच्या हातात दिला. "तुम्हीच सांगा."

बाई सडलेल्या वाफ्यांचं सांगत गेल्या, साहेब मान हलवत गेले. "व्हय ताई... व्हय."

फोन परत दिला आणि उठले. "गजानन, गाडी काढ. जी शेतं सोडली, ती दाखव."