टिटवीची अंडी

फाल्गुन लागला की आमच्या गावाबाहेरच्या तळ्यावरचे चक्रवाक परत उत्तरेकडे निघतात. जाण्याआधी ते एकदा पाहावेत म्हणून मी सकाळीच दुर्बीण गळ्यात अडकवून काठावर पोचलो, तर एक बाई म्हशी घेऊन पाण्याकडे येत होत्या.

"अहो मावशी, थांबा ना जरा, पक्षी उडतील!" मी जवळजवळ ओरडलोच, तळं माझ्या मालकीचं असल्यासारखा. त्यांनी म्हशी थोपवल्या.

डोक्यावर एक टिटवी केव्हाची कर्कश ओरडत घिरट्या घालत होती. टिटवी काय, रोजचीच. मी वर पाहिलंही नाही. दुर्बीण डोळ्यांना लावूनच दोन पावलं पुढे सरकलो.

"दादा, पाय उचलू नका!"

खाली पाहिलं. बुटापासून वीतभर अंतरावर, खड्यांमध्ये खड्यांसारखीच दिसणारी चार ठिपकेदार अंडी होती.

"आठ दिस झालं, म्हशी वळसा घालून नेतीय मी," मावशी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

इतकी वर्षं मी पक्षी पाहतोय, वहीत त्यांची नावं लिहितोय. आणि डोक्यावर एक आई जिवाच्या आकांताने ओरडत होती, ते मला नुसता त्रास वाटलं.

मी आल्या पावली मागे सरलो. म्हशी वळसा घालून पाण्यात उतरल्या. चक्रवाक तसेच तरंगत राहिले, एकही उडाला नाही. टिटवी मात्र मी सडकेला लागेपर्यंत माझ्याच डोक्यावर ओरडत होती.