दादाची तपासणी

हे मी घरात कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, वहिनीला तर नाहीच. तुम्हाला सांगते.

बीडच्या एका फार्मसी कॉलेजात मी शिकवते आणि संशोधन करते. उंदरांमध्ये मधुमेह निर्माण करायचा, मग त्यांची मूत्रपिंडं आणि हृदय कसं बिघडत जातं ते पाहायचं, हे माझं काम. आणि ते मला चांगलं जमतं. उंदीर वरून टुणटुणीत दिसत असतो, पण लघवीतून प्रथिनं जाऊ लागली की मी ओळखते — मूत्रपिंड बिघडायला लागलं, पुढे हृदयावर ताण येणार. वेळेत औषध मिळालं तर हे लांबवता येतं. माझ्याइतकं हे कुणाला माहीत असणार?

मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं. मंडप, आचारी, पाहुण्यांच्या गाड्या — माझ्या यादीत निम्म्या कामांपुढे एकच नाव, दादाचं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, शिरूर कासारला असतो. साखरेचा आजार त्याला जुनाच. मंडपवाल्याला भेटून तो प्रयोगशाळेत आला, तेव्हा मी सहज म्हणाले, आलाच आहेस तर पट्टी बुडवून लघवी तपासून टाकू. तो हसला. "उंदराच्या पट्टीवर माणूस तपासतीस व्हय गं?" पण बाटलीत नमुना आणून दिला त्यानं.

पट्टी गडद हिरवी झाली. म्हणजे प्रथिनं भरपूर.

मी काय म्हणाले असेन? म्हणाले, काही नाही दादा, खुशाल लग्नात मिरव.

घाबरले म्हणून नव्हे. तो दवाखान्याच्या मागे लागला असता तर लग्न कुणी पार पाडलं असतं? — एवढाच विचार. नंतर सांगू, असं ठरवलं. लग्न छान झालं. मग सांगायचं, तर आधी का बोलली नाहीस, असं तो विचारणार. म्हणून — नाहीच सांगितलं.

पुढच्या वर्षी त्याचे पाय सुजले, धाप लागू लागली. डॉक्टरांनी विचारलं, याआधी लघवी तपासली होती का? मी शेजारीच उभी होते. दादा कौतुकानं म्हणाला, "तपासली की. आमच्या बहिणीनंच. तवा काईच नव्हतं."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली — हो.

आता त्याचं डायलिसिस चालू आहे. गाडी, डबा, औषधं, सगळं मी बघते. त्यात कधी चूक होत नाही. वहिनी आल्यागेल्याला सांगते, अशी नणंद नशिबानं मिळते. मी समोर बसून ऐकते.