‘मी गेलोच नव्हतो’

माझ्या धाकट्या बहिणीला, सुमनला, तिच्या नवऱ्याने फसवलं. ‘तपासणी करून आलो, माझ्यात दोष नाही,’ असं त्याने सांगितलं, आणि पुढची बारा वर्षं मूल होण्यासाठी गोळ्या, सुया, उपास तिनेच झेलले. दीड महिन्यापूर्वी काविळीने ती गेली...

सुमन सिंदेवाहीकडच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची. प्रजननाचा धडा बाकीचे मास्तर ‘घरी वाचा’ म्हणून उलटायचे. ती माझ्याकडची गाभोळी, मासोळीच्या पोटातली अंडी, डब्यात घालून वर्गात न्यायची आणि मुलामुलींना एकत्र शिकवायची. मी अर्ध्यात शाळा सोडलेली, टोपलीपासून मासोळीचा धंदा उभा केलेली बाई. एकदा तिची वाट पाहत खिडकीपाशी उभी राहून सगळं ऐकलं. मुलगी जन्मते तेव्हाच तिची सारी कच्ची बीजं तिच्या पोटात असतात, पुढे नवं बनत नाही. वयात आल्यावर महिन्याला साधारण एक पिकतं. मुलाचं काम वयात आल्यावर सुरू होतं आणि म्हातारपणापर्यंत रोज नवं बनत राहतं. त्याच्या एका पेशीतून चार शुक्राणू, तिच्या एका पेशीतून एकच बीज. बाकीचे वाटे बारीक, सुकून जाणारे.

वाटे मला कळतात. तरी चुकले. घरी जाताना तिला म्हटलं, “त्याचं रोज ताजं, तुयं जन्मापासूनचं जुनं. मंग खोट कोनात असंन?”

ती हसली. “बाई, तुई मासोळीबी रोज ताजीच येते ना? मंग टोपलीत खराब काऊन निघते?”

मासोळी मी कल्ला उचलून पाहिल्याशिवाय घेत नाही, तिच्या नवऱ्याचा, आमच्या जावयाचा, शब्द मात्र तसाच घेतला होता.

ती दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत असताना तो बाहेर माझ्याजवळ रडला. “बाई, मी गेलोच नवतो. लाज वाटली.” मला त्याची दया आली, खोटं कशाला सांगू? मरदाची कसली तपासणी, हेच ऐकत तोही वाढला होता. पण तेरवीच्या मांडवात त्याची आई बायकांना सांगत होती, “सून लाखात एक, पर कूसच नवती तिले.” आणि तो शेजारी बसून पत्रावळीकडे पाहत होता. मी ओरडले, तर दुःखाने डोकं फिरलं म्हणून लोकांनी मलाच बाहेर नेलं.

डोकं ठिकाणावर आहे, जावई. दोष तुमच्यात होता, तिच्यात होता की कोणातच नव्हता, ते आता कळायचं नाही. पण ‘मी गेलोच नव्हतो’ हे तीन शब्द तुमच्या आईसमोर, त्याच बायकांसमोर, मोठ्याने कधी बोलता?