टाकी नसलेल्या छपराचा परवाना

माझी धाकटी परवानगी विभागात कारकून आहे. नोकरी पक्की व्हायला चार महिने बाकी असताना ही बाई साहेबांकडे जाऊन म्हणाली, घरावर सोलर पॅनेल बसवायच्या परवान्याला पाच टेबलं आणि सात महिने लागतात, ते मी एका सकाळी करून दाखवते.

साहेब म्हणाले, "दाखव. मंगळवारी एक अर्ज घे. दुपारच्या सुट्टीआधी परवाना निघाला तर तुझी पद्धत चालू. नाही निघाला तर तू तळघरात, जुन्या फायलींपाशी."

तेव्हापासून मी रोज तिच्या पिशवीत जास्तीचा रुमाल टाकत होते. पोरीला धूळ सोसत नाही.

तिची पद्धत साधी. फायलीनं टेबलाटेबलावर फिरायचं नाही, माणसांनीच फायलीपाशी यायचं. छपराचा इंजिनिअर, वायरिंगचे तपासनीस आणि अग्निशमनच्या बाई एका टेबलाशी, समोर अर्जदार.

मंगळवारी मी तिचा विसरलेला डबा घेऊन कचेरीत पोचले. खरं तर ती विसरली नव्हती, मीच पिशवीतून काढून ठेवला होता.

अर्जदार आमचे शिंपीकाका, गळ्यात टेप तशीच. वायरिंगवाल्यांनी चहा निवायच्या आत सही केली. बाईंनी शिडी कुठून लावणार ते विचारलं आणि सही केली. इंजिनिअरसाहेब मात्र पेन टोपणात घालून बसले.

"प्लंबरचा दाखला कुठाय?"

"कसला?" शिंपीकाकांनी विचारलं.

"टाकी गळत नसल्याचा."

"अहो, टाकीच नाही, तर गळेल काय?"

"मग टाकी नसल्याचा दाखला आणा."

घड्याळात पाऊण वाजला होता, सुट्टी एकला. मी दाराशी डबा घट्ट धरून उभी.

धाकटी शांतपणे म्हणाली, "सर, हा नियम लिहिलाय कुठे?"

"अकरा वर्षं मागतोय मी."

"ते खरं. पण लिहिलाय कुठे?" आणि तिनं एक पिवळा कागद पुढे सरकवला. आदल्या दिवशी तळघरात शिंकत शिंकत शोधलेला, सोलरचा इथला पहिलावहिला अर्ज. तो होता पाणी तापवायच्या बंबाचा, म्हणून त्यात टाकीचा दाखला. त्यावरूनच फॉर्म छापला गेला आणि पुढे सगळे तोच भरत राहिले. खाली इंजिनिअरसाहेबांची सही, तरुणपणची, तीन वेलांट्यांची.

इंजिनिअरसाहेबांनी चष्मा काढला. "म्हणजे मी अकरा वर्षं विजेची गळती विचारतोय?"

अग्निशमनच्या बाई म्हणाल्या, "माझ्या भावानं त्याच्या सोलरसाठी आणून दिलाय असा दाखला. प्लंबर बिचारा तासभर छपरावर टाकी शोधत होता."

मग कोणी कोणाकडे बघेना. वायरिंगवाले टेबलाखाली पडलेलं पेन शोधायला गेले ते वर येईनात. हसता हसता इंजिनिअरसाहेबांची सही जरा वाकडी झाली, पण झाली. एकला पाच कमी असताना शिक्का बसला आणि मोठ्या साहेबांनी दारातूनच मान हलवली.

शिंपीकाकांनी परवान्याला टेप लावली. "एक पान. जुन्या पद्धतीतली फाईल सात बोटं जाड असायची."

धाकटीनं मला पाहिलं. "आई, डबा दे आणि हा फॉर्म भर. पुढच्या मंगळवारी आपला नंबर."

आता फॉर्मला छपराचा फोटो हवाय. ती चढते म्हणते, पाय घसरला म्हणजे? मी शिंपीकाकांना शिडीसकट बोलावलंय. ते म्हणाले, "येतो, पण वर टाकी असेल तर आधीच सांगा."