सतरावा डबा

"सोळा डबे सांगतले त्यानं, तू सतरा काहून भरते?"

भिंतीपलीकडून रुपरावांचा आवाज आला तेव्हा मी तांदूळ निवडत होते. नागपूरजवळच्या वाडीत आमच्या खोल्या एकमेकींना लागून, मधली भिंत एका विटेची. पलीकडे कुकरची शिट्टी झाली की मी माझा गॅस बंद करायचे, इतकी ती भिंत पातळ. भांडण ऐकायला मी गेले नव्हते. तेच माझ्याकडे आलं.

"एखादा सांडला तं?" त्यांची बायको तुळसाबाई म्हणाली.

"रोज सांडते? अन् सांडला तं डबा कुठी जाते? तिसरा डबा गेला या उन्हाळ्यात. कोणाले देऊन राहिली तू? कोण आहे तो?"

"आहे एक जण. गोरापान आहे, मिशा आहेत. पन्नाशीच्या बाईच्या वांग्याच्या भाजीवर जीव जडला त्याचा."

मी पदर तोंडात घालून हसले. रुपराव हसले नाहीत. "हासून घे. उद्या सगळे डबे इतवारीत नेतो अन् नाव घालून आणतो. मंग पाहू कोण ठेवून घेते."

आणि खरंच नेले. भांड्यांच्या गल्लीत बसून प्रत्येक डब्यावर कोरून आणलं, 'तुळसाबाई, वाडी'. अक्षर सुंदर होतं. त्या नावानं पुढं काय केलं, तेच मी लिहायला बसले आहे. रुपरावांचा त्यात दोष नाही. ते बिचारे डबे जपत होते.

तुळसाबाईला जाऊन आता दोन महिने झाले. गोदामांवरच्या माणसांना डबे द्यायची, एवढंच तिच्याबद्दल लोकांना ठाऊक. तिचं लहानपण वीटभट्टीवर गेलं हे मलाही फार उशिरा कळलं. तिच्या बापानं घेतलेले पैसे फिटेनात म्हणून अख्खं घर भट्टीवर बांधलेलं. बाप तिथंच मेला. एक बांगड्या विकणारी बाई भट्टीवर यायची, तिनं एके दिवशी या मायलेकींना आपल्याबरोबर बाहेर काढलं. रस्त्यात झाडाखाली बसवून आधी जेवू घातलं आणि मग म्हणाली, आता चाला. तिचा पितळी डबा यांच्याकडेच राहिला. ती बाई पुन्हा भेटली नाही. त्या बाईचं भांडं आपण परत केलं नाही, ही रुखरुख तुळसाबाईच्या आईला मरेपर्यंत होती.

डब्यांचं ते भांडण झालं तेव्हा अमरावती रोडच्या गोदामांमागं एक शेड होती. कळमन्याच्या बाजारातली जुनी पोती तिथं यायची. ती झटकायची, फाटली असतील तर शिवायची, गठ्ठे बांधायचे. सोळा माणसं होती कामाला, बहुतेक बाया, लांबलांबच्या खेड्यांतल्या. मुकादमानं घरच्या अडचणीत यांच्या हातावर पैसे ठेवलेले, फिटले की जा म्हणाला होता, आणि ते कधी फिटत नव्हते. आधार कार्ड त्याच्याजवळ, फोन त्याच्याजवळ, गेटाला बाहेरून कुलूप. पण पोत्यांना आग लागेल म्हणून आत चूल पेटवायला बंदी होती. त्या एका भीतीपायी रोज दुपारी बाहेरचं माणूस आत जायचं. म्हणजे आम्ही. एक क्रेट तिच्या डोक्यावर, एक माझ्या.

एकदा चौकशीला साहेब लोक आले होते. बाया मुकादमाकडे बघत बघत म्हणाल्या, आम्ही खुशीनं राहतो. साहेबांनी रजिस्टर पाहिलं, चहा घेतला, गेले. त्या दिवशी घरी येताना तुळसाबाई म्हणाली, "रुखमे, एकदम सोळा नाही निंगत. एक एक काढू."

नागपूरच्या उन्हाळ्यात बाई माणूस तोंडाला दुपट्टा गुंडाळल्याशिवाय बाहेर पडत नाही. नुसते डोळे दिसतात. गेटावरचा सुशील डबे मोजून घ्यायचा, बाया मोजायचा नाही. आम्ही दोघी आत जायचो. बाहेर निघताना तिच्याबरोबर माझा दुपट्टा बांधलेली, माझी क्रेट डोक्यावर घेतलेली दुसरीच असायची. मी जरा वेळानं हातात पळी घेऊन निघायचे.

"तू तं आताच गेली होती न मावशी?" सुशील विचारायचा.

"पळी राह्यली म्हणून परत आली. तुले दिसली नाही? डोळे तपासून घे गा बापू, चौकीदार आहेस तू."

त्या पळीनं तीन माणसं बाहेर काढली. मुकादमानं त्यांच्या जागी नवी आणली. त्याला वाटलं, मागच्या भिंतीवरून उड्या मारतात. त्यानं भिंतीला आधी काचा लावल्या, मग काटेरी तार. पुढच्या गेटाला त्यानं नवा रंग दिला.

बाहेर आलेल्या माणसाला तुळसाबाई आधी जेवायला बसवायची. तो सतरावा डबा त्यासाठी. मग देवरावचा ट्रक. देवराव संत्र्याच्या रिकाम्या पेट्या घेऊन कळमन्याला जायचा, त्या पेट्यांमागं बसवून न्यायचा. कळमन्यात शोभाताई होती, हमालांच्या संघटनेचं लिहिणं-वाचणं करणारी. ती माणसाला गावच्या गाडीत बसवून द्यायची, मग अर्ज करायची आणि सरकारी मुक्तीचा दाखला निघेपर्यंत मागं लागायची. जेवण अर्धवट राहिलं की माणूस डब्यासकट ट्रकमध्ये चढायचं. रुपरावांचे डबे असे जात होते. भांडणानंतर तिनं त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "भाजी तरी जास्त टाकत जाय त्याच्यात."

मग मीराबाई आणि फुलवतीचं झालं.

मध्य प्रदेशातल्या, सौसरच्या पलीकडच्या दोघी बहिणी. मीराबाई पाच महिन्यांची गरोदर. फुलवती असेल एकोणीसची. हनुवटीवर गोंदलेले तीन टिपके, डावा कान बाळीसकट फाटलेला. पोत्याच्या ढिगात कान अडकला होता म्हणे. मुकादम शुक्रवारी माल आणायला कळमन्याला जायचा, तेवढाच एक दिवस आमचा. एका शुक्रवारी एकच जण निघू शकायचं. मीराबाई म्हणाली, धाकटीले न्या. फुलवती म्हणाली, पोटातलं धरून दोघं आहेत, बाईले न्या. दोघी पोतं शिवता शिवता भांडत होत्या, मान वर न करता.

तुळसाबाईनं मीराबाईला निवडलं.

"मावशी, मले कवा?" फुलवतीनं विचारलं.

"पुढच्या शुक्रवारी."

"नक्की?"

"माझा डबा चुकते का वं कधी?"

मीराबाई सुखरूप बाहेर आली. गोदामाच्या आडोशाला जेवायला बसली, दोनच घास खाल्ले. देवरावनं हॉर्न दिला तशी डबा छातीशी धरून ट्रकमध्ये चढली. पोरगी रडत होती. तिला हसवावं म्हणून तुळसाबाई खालून ओरडली, "डबा परत धाडजो वं! नाव घातलं आहे त्याच्यावर. नाहीतर बुढा मले घरात नाही घेणार!"

मीराबाई हसली. मीही हसले.

ती गावी पोचली. त्यांच्याकडची रीत आपल्यासारखीच, कोणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही. घरात द्यायला दुसरं काही नव्हतं. तिनं डबा घासला, त्यात वाळलेली मोहाची फुलं भरली, वर फडकं बांधलं आणि गावाजवळून नागपूरला येणाऱ्या एका ट्रकवाल्याजवळ दिला. म्हणाली, वाडीत कोणालाही विचारा, नाव लिहिलं आहे.

बुधवारी तो ट्रकवाला वाडीत आला. चहाच्या टपरीवर नाव वाचून दाखवलं. टपरीवाला म्हणाला, तुळसाबाईचे डबे न, ते त्या शेडीत जातात. त्या भल्या माणसानं वाकडी वाट करून डबा शेडीच्या गेटावर नेऊन दिला. रिकामा असता तर सुशीलनं बाकीच्या डब्यांत ठेवून दिला असता. जड लागला म्हणून त्यानं उघडला, आणि मुकादम तिथंच उभा होता. मोहाची फुलं कोणत्या गावांकडून येतात, हे त्याला कोणी सांगायला नको होतं. त्या दोघी बहिणींना त्यानंच तिकडून आणलं होतं.

गुरुवारी दुपारी आम्ही क्रेटा घेऊन गेलो तर गेट सताड उघडं. आत एक पोतं नाही, एक माणूस नाही. जमिनीवर सुतळीचे तुकडे आणि एक मोडका दाभण. सुशील खुर्चीवर मान खाली घालून बसला होता.

"सकाळीच गाडी भरली मावशी. कुठी नेलं, मले नाही सांगतलं. मले काय माहीत होतं वं, मी तं सहज उघडला." त्यानं खुर्चीखालून डबा काढून दिला. अर्धी फुलं त्यात होती.

तुळसाबाईनं डबा घेतला. भरलेली क्रेट परत डोक्यावर चढवली आणि घराकडे चालू लागली. 

ट्रकमध्ये चढल्याच्या नवव्या दिवशी मीराबाई एसटीनं आली, बहिणीला न्यायला. दारातूनच म्हणाली, "फुली कुठी आहे?" तुळसाबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला. मला सांगावं लागलं. मीराबाई उंबऱ्यावर बसली, म्हणाली, "रिकामा कसा धाडू मावशी? तूच तं म्हणली, परत धाड."

"हो," तुळसाबाई म्हणाली. "मीच म्हणली."

शोभाताईनं अर्ज केले, ठिकठिकाणी गेली. कोणी म्हणे तेलंगणाकडे एका कापसाच्या जिनिंगमध्ये पाहिलं, कोणी म्हणे आंध्रात. देवराव दोनदा जाऊन आला. दर वेळी दुसरीच कोणी निघायची, आणि तीही घाबरून 'मी खुशीनं आहे' म्हणायची. मीराबाईला मुलगी झाली. नाव काय ठेवलं, मी विचारलं नाही. रुपरावांनी एके दुपारी कानस घेऊन त्या डब्यावरचं नाव घासलं. नाव पूर्ण गेलं नाही. पुढच्याच वर्षी ते वारले.

या गोष्टीला चार वर्षं झाली. तुळसाबाईचे डबे दुसऱ्या गोदामांवर चालूच होते. ते पोचवले की उरलेला एक घेऊन ती ट्रक थांबतात तिथं जायची. दक्षिणेकडून आलेला ड्रायव्हर गाठायची, "जेव आधी" म्हणायची. तो जेवत असताना विचारायची, हनुवटीवर तीन टिपके, डावा कान फाटका, पाहिली कुठी? तो मान हलवायचा. "बरं," म्हणून ही त्याचं जेवण होईपर्यंत बसून राहायची.

मी एकदा म्हटलं, "अवं, एवढ्या मुलखात कशी सापडन ती?"

"मले काय माहीत," ती म्हणाली. "मी शुक्रवार सांगतला होता तिले."

या जानेवारीत तिला ताप होता. खोकला तर भिंतीतून माझ्या उशाशी येत होता. दुपारी ती निघाली तेव्हा मी अडवलं, आजचा दिवस राहू दे म्हटलं.

"सतरावा कोण खाईल मंग? तू?" तिनं दुपट्टा बांधला. "तुले तं माझं वरण कधी गोड नाही लागलं."

मी पाठोपाठ गेले. एक कोवळा ड्रायव्हर टायरला टेकून बसला होता. तिनं डबा उघडून दिला, त्याच्या समोर बसली आणि विचारलं. घास तोंडात घेऊनच त्यानं मान हलवली. "बरं," ती म्हणाली. त्यानं डबा पुसून लख्ख केला, धुतला आणि देताना आत दोन संत्री ठेवली. आजीला म्हणून.

तिनं दोन्ही संत्री काढली, त्याच्या ओंजळीत परत दिली.

"रिकामाच दे बापू," ती म्हणाली.

पदरानं डबा आतून कोरडा केला. घरी येईपर्यंत तीनदा थांबली, पण माझ्या हातात दिला नाही. मी माझ्या खोलीत शिरले. थोड्या वेळानं पलीकडे ओट्यावर डबा पालथा ठेवल्याचा आवाज आला, रोज यायचा तसा.