काटेरी मण्यांचा हलवा

वहिनी आमच्या घरात आली ती लढाईच्या धामधुमीत. दादा खमरियाच्या तोफगोळ्यांच्या कारखान्यात होता. अंगाची हळद उतरायच्या आत त्याला ओव्हरटाइमचं बोलावणं आलं, आणि मग वहिनीला नवरा दिसायचा तो फक्त पेंगत पेंगत जेवताना. ती अमरावतीची, चार बहिणींतली, माहेरी म्हणे दिवसभर खिदळायची. आमच्याकडे मात्र तोंडात गुळणी धरल्यासारखी गप्प. हसलीच तर पदराआड. मला अस्सा राग यायचा! मला वहिनी हवी होती, पाहुणी नव्हे.

लढाई संपली आणि संक्रांत आली. वहिनीची पहिली संक्रांत. नव्या सुनेला काळी साडी नेसवायची, अंगभर हलव्याचे दागिने घालायचे, आणि आसपासच्या क्वार्टरांतल्या मराठी बायकांना हळदीकुंकवाला बोलवायचं. पण हलवा करायचा म्हणजे तिळावर साखरेचा पाक थेंबथेंब सोडत मंद आचेवर तासन्‌तास हलवत बसायचं. आईने साखरेचा डबा माझ्यापुढे तिरका करून दाखवला.

"कार्डावरची साखर चहाला पुरून नाही राहिली, हलवा कशाचा करू? यंदा नुसती साडीच."

"चालेल की, आई," वहिनी म्हणाली. पण तिचं तोंड एवढंसं झालं होतं. माहेरी सगळ्या बहिणींचे दागिने तिनेच ओवले होते, हे ती मला एकदा बोलून गेली होती. ते एकच वाक्य मी धरून बसले.

त्याच आठवड्यात मी रिबिनी आणायला फुहाऱ्याच्या बाजारात गेले. मनिहारीच्या, म्हणजे बांगड्या-मण्यांच्या, दुकानात भैयाने एक खोका उघडला आणि मी रिबिनी विसरले. लाल, पिवळे, मोरपंखी, गुलाबी, पांढरे मणी! प्लास्टिकचे, आणि अंगावर बारीक बारीक काटे. हुबेहूब हलवा!

"नया माल है दीदी. क्या बनाओगी?"

"जेवर!" मी म्हणाले, आणि रिबिनींचे सगळे पैसे तिथेच ठेवले. घरी येईपर्यंत पाय जमिनीला लागत नव्हते.

आईने कपाळाला हात लावला. "प्लास्टिक घालशील सुनेला? बायका हसतील. आणि हलवा मोरपंखी असतो काय गं?"

"यंदाचा असतो," मी म्हणाले.

दागिने करायचे ठरवणं सोपं, ओवायला बसल्यावर नाकी नऊ आले. पहिला हार मी शिवणाच्या दोऱ्यात ओवला. गळ्यात घालून आरशापुढे मान वळवली मात्र, तटकन तुटला. मणी खाटेखाली, चुलीपाशी, दादाच्या बुटात. आई म्हणाली, "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!" आणि माझ्याबरोबर रांगत मणी वेचू लागली. मग ग्वारीघाटावरून मासे धरायची तंगूस आणली. ती तुटेना, पण तिची गाठही बसेना. बोटं सोलली. शेवटी देवापुढच्या उदबत्तीचं टोक गाठीला लावलं, गाठ वितळून घट्ट बसली, आणि मी एकटीनेच टाळ्या पिटल्या! त्यानंतर मला कोण आवरणार? हार झाला, बांगड्या झाल्या, कानातली फुलं, बिंदी, कंबरपट्टा. बाजूबंदाला तर मी मोरपंखी मण्यांचे गोंडे सोडले. शाळेत बसले तरी डोळ्यांपुढे रंगच. पिवळ्याशेजारी गुलाबी चांगला दिसेल की लाल, यावर मी गणिताचा तास घालवला.

संक्रांतीच्या दुपारी ते सगळं मी वहिनीच्या मांडीवर ओतलं. तिने एकेक उचलून पाहिलं, गाठी चाचपल्या आणि दंड पुढे केला. मी बाजूबंद बांधला. तिला आवडलं की फक्त मन मोडवेना, काही कळेना. आता बायका हसल्या तर ती पुन्हा तोंड उघडायची नाही, हे मनात धरूनच मी बाकीचे दागिने चढवले.

बायका जमल्या. खिडक्यांच्या काचांवर ब्लॅकआउटचे काळे कागद अजून तसेच होते, त्यामुळे खोलीत उजेड बेताचा. "अगं बाई, रंगीत हलवा! एवढी साखर कुठून आणली?" असं जी ती विचारू लागली. आई नुसतीच मान हलवत होती. शेजारच्या काकू मात्र पुढे सरसावल्या. हलव्याला काटा कसा आला हे चाखून सांगायचा मान गेली कित्येक वर्षं त्यांचाच. त्यांनी बाजूबंदाचा एक मणी ओढला. तो निघेना. जोर लावला, तरी निघेना. तेव्हा काकूंनी सरळ गोंडाच तोंडात धरला आणि दाताखाली दाबला.

कट्ट!

"अवो, हे काहून इतकं कडक झालं?" काकू गाल धरून म्हणाल्या.

मी दाराकडे सरकले. आणि मग वहिनी हसली. पदराबिदराआड नाही, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "काकू, चावू नका! वन्संनी केलाय तो हलवा, जन्मभर पुरायचा!" ते ऐकून काकूच आधी फुटल्या, मग आई, मग सगळी खोली. गाल चोळत काकू मला म्हणाल्या, "पोरी, काटा मात्र सुरेख आला हो!" मला नाचावंसं वाटलं.

बायका गेल्या तरी वहिनी दागिने उतरवेना. तेवढ्यात दादा कामावरून आला. दारातच थांबला, वहिनीकडे बघतच राहिला, आणि बऱ्याच दिवसांनी त्याची झोप उडालेली दिसली.

"अरे वा! हलवा केला?" म्हणत त्याने तिच्या दंडावरचा गोंडा उचलून तोंडाकडे नेला.

आईने माझ्याकडे पाहिलं. मी वहिनीकडे पाहिलं. वहिनीने ओठ घट्ट मिटले, आम्हा दोघींना डोळ्यांनीच दटावलं, आणि दंड आणखी थोडा पुढे केला.