गेरूचा खांब

वऱ्हाडातून मध्यप्रांतात, नागपूरच्या कॉलेजात जाऊन मी भूगर्भशास्त्र घेतलं, तेव्हा घरात कुणालाच त्याचा अर्थ कळला नाही. आई जवळच्या उंद्री गावच्या बाजारात 'दगडाचं शिक्षण' असं सांगायची. आमच्या घराण्यात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिलाच.

गावाजवळच्या नाल्यात काळ्या दगडाची एक कमान होती. खालचा तांबड्या गेरूचा मऊ थर पाण्यानं वाहून गेला आणि वरचा कठीण दगड पुलासारखा राहिला, अशी ती झालेली. दिवाळीआधी बाया तिथून भिंतींसाठी गेरू खणत. मधोमध गेरूचाच एक जाड खांब होता, तो मात्र कुणी खणत नसे. आधी त्याला कुंकू लावायचं आणि मग बाजूला खणायला बसायचं, अशी रीत.

दसऱ्याच्या सुट्टीत मी आई आणि काकूबरोबर तिथे गेलो. माझ्या पुस्तकात वाळवंटातल्या दगडी कमानींचं चित्र होतं, त्याबद्दल काकूला सांगितलं. वारा-पाऊस मऊ भाग झिजवतात, कठीण भाग उरतो, आणि कमान आपला भार दोन्ही टोकांवर टाकते.

"आन् मधात खांब?" काकूनं विचारलं.

"त्या कमानींना नसतो."

"म्हंजे आपण उगाच कुकू लावून राह्यलो!" ती हसली. "चांगला गेरू त याच्यातच हाय बाबू. खोदला त चालते?"

मी क्षणभर थांबलो होतो, असं मला वाटतं. पण माझ्या शिक्षणातलं काही घरच्या माणसानं विचारावं, अशी ती पहिलीच वेळ होती.

"हाव, चालते."

आई म्हणाली, "राहू दे वो. सासूबाईनं नाही खोदला कधी."

"सासूबाई कुठं कालेजात गेल्या होत्या?"

दोघी दोन दिवस खांब खणत होत्या. तिसऱ्या दिवशी आई भरली टोपली घेऊन बाहेर आली आणि तिच्यामागे कमान खाली बसली. काकू आत होती. दगड बाजूला करायला गावातले पुरुष संध्याकाळपर्यंत राबत होते.

नंतर मी ते दगड पाहिले. पुस्तकातली कमान एकसंध वालुकाश्माची होती. आमचा दगड उभ्या भेगांनी तुटलेला, विटा नुसत्या एकमेकींना टेकवून ठेवाव्यात तसा. ते तुकडे गेरूच्या त्या खांबानं धरून ठेवले होते. त्या दिवशी मान वर केली असती, तर भेगा दिसल्या असत्या.

आईनं माझं बोलणं कुणाला कळू दिलं नाही. तेराव्यानंतर मीच काकांना सांगितलं. ते ओसरीवर बसले होते. काकूनं भिंत खिडकीपर्यंत गेरूनं रंगवली होती, पुढची तशीच होती.

"तुले पक्कं माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"नाही, काका."

"मंग तेवढंच सांगाचं होतं."

ती भिंत अजून अर्धीच आहे. सुट्टीत गेलो की काका मला जेवायला बोलावतात. मी तिच्याकडे तोंड करून बसतो.